पुसलेले डंपर

जागृती मढवीचा हात उत्तम, पण विषय घाणेरडे, असं तिच्या शाळेतल्या बायका म्हणायच्या. डोंबिवलीच्या त्या शाळेत ती चित्रकला शिकवायची आणि रविवारी चित्राचा स्टँड खांद्याला लावून बाहेर पडायची. कारखान्यांमागचा नाला, अर्धवट पुलाचे खांब, पत्र्यांवर साचलेली काजळी. दिसेल ते काढायचं, पदरचं काही घालायचं नाही. नाल्याचं पाणी गुलाबी असेल तर चित्रातही गुलाबी.

वडील भिवा मढवी तरुणपणी मिठागरात राबलेले. खाडीकाठच्या त्यांच्या गावाला लागून आता टॉवर उठत होते, आणि खाडीतल्या तिवरांच्या झाडांवर भराव पडत होता. जागृतीनं ते चित्र काढण्यात अख्खा उन्हाळा घालवला. मागे क्रेन, पुढे चिखलात मोडून पडलेली तिवरं, आणि मधोमध हौदा उचलून राडारोडा ओतणारे डंपर.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका प्रदर्शनात ते चित्र टॉवर बांधणाऱ्या कंपनीनंच विकत घेतलं. जाहिरातीचं काम बघणारा सुशांत स्वतः आलेला. "मॅडम, काय रिअल आहे! ऑफिसमध्ये लावतो." तिला वाटलं, निदान रोज डोळ्यांसमोर तरी राहील त्यांच्या. घरी जाताना तिनं पेढे घेतले.

दिवाळीच्या तोंडावर पेपरातून त्याच टॉवरची एक चकचकीत जाहिरात घरात पडली. भिवांनी ती बराच वेळ डोळ्यांजवळ धरली.

"जागृती, यो तूच काढलास ना?"

"हो बाबा."

"मंग गाऱ्या कुठं गेल्या?"

डंपर नव्हतेच. त्यांच्या जागी निळंशार पाणी आणि पाण्यात फ्लेमिंगो. तिवरं हिरवीगार. कोपऱ्यात मात्र तिची सही, जशीच्या तशी.

तिनं सुशांतला फोन लावला.

"अहो मॅडम, थोडं करेक्शन केलंय. आणि नाव ठेवलंय की तुमचं, फुकट पब्लिसिटी!"

"नाव ठेवलंय म्हणूनच फोन केलाय. ते पक्षी माझे नाहीत. छापणं थांबवा."

"आता कसं थांबवणार? सगळीकडे गेलंय."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती तडक माजिवड्याला, त्यांच्या विक्री कार्यालयात गेली. आत भिंतभर जाहिरातीतलं तेच चित्र. घर बघायला आलेल्या एका जोडप्याला सुशांत बोटानं दाखवत होता, "बाल्कनीतून हाच व्ह्यू."

जागृतीच्या डोक्यात तिडीक गेली. वर्गातले रंग पिशवीत होतेच. काळ्या रंगाची ट्यूब पिळून तिनं रुंद ब्रशनं सरळ फ्लेमिंगोंवर डंपर काढायला घेतला. चाकं झाली, हौदा झाला, तेवढ्यात सुशांतनं येऊन तिचं मनगट धरलं.

"काय चालवलंय हे?"

"हात सोड! थापा तुम्ही मारायच्या आणि खाली सही माझी?"

त्या जोडप्यातली बाई पुढे आली. "एक मिनिट. तिथे खरंच भराव घालतायत का?"

"नाही हो, ह्यांचं जरा..." सुशांतनं कपाळाजवळ बोट फिरवलं.

"उद्या सकाळी जाऊन बघा," जागृती ओरडली. "नाकाला रुमाल लावून जा!"

पोलीस चौकीत तिला सांगितलं, माफी लिहून द्या, मिटवून टाकू. तिनं दिली नाही. कोणीतरी काढलेला व्हिडिओ तोवर फिरायला लागलेला, म्हणून कंपनीनंच तक्रार मागे घेतली. शाळेनं मात्र पुढच्या वर्षी तिला ठेवलं नाही. शाळेचं नाव खराब होतं म्हणे. "मुलांना काय शिकवू मग, फ्लेमिंगो?" असं ती संस्थाचालकांच्या तोंडावर विचारून आली. त्यांनी पंखा वाढवला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

कल्याण-शीळ रस्त्यावर नवा फ्लेक्स लागला. त्यातून तिची सही काढलेली, पक्षी तसेच. रिक्षातून तो दिसला तेव्हा तिला सुटल्यासारखं अजिबात वाटलं नाही. उलट घरी जाऊन तिनं दार असं आपटलं की भिवा दचकून उठले.

आता ती घरीच शिकवण्या घेते. खाडीचं चित्र पुन्हा काढायला घेतलंय, आधीच्या दुप्पट मोठं. परवा रस्त्याच्या कडेला तिनं स्टँड मांडला तसा साइटवरचा वॉचमन शिटी वाजवत आला.

"मॅडम, इकडे अलाउड नाही."

"रस्ता तुझ्या शेठचा आहे का रे?"

तो फोनवर कोणाला तरी बोलवत राहिला. जागृतीनं दात-ओठ खात राखाडी रंग कालवला आणि डंपरच्या नंबरप्लेटवरचा पहिला आकडा काढला.