जोडी आली तरी माणसं मोजा

ठकुबाई माझी थोरली जाऊ. वेल्ह्याकडच्या आमच्या वाडीत तीन पत्तीचा नीट इचार कुणी केला असंल, तर तिनं. आणि सोता कधी एक डाव खेळली न्हाई!

खेळायचे तिचे मालक, गेनबा भावजी. अडुसष्ट सालची गोष्ट. पावसाची झड लागली की गडीमाणसं देवळात पत्ते कुटत बसायची. पैका कुणाकडं व्हता? डावावर औत लागायचं. शेवटपतुर पानं धरून हरला, त्यानं जिंकलेल्याच्या खाचरात एक दिस बैलं घालायची, बैल नसंल तर सोता राबायचं. भावजींचा एक बैल लंगडा झालेला. मग काय, रोज हरायचं आन् लोकांच्या चिखलात राबायचं. हिकडं औताबिगर लावणी अडली, आमची भाताची रोपं पिवळी पडाय लागली. आणखी दोन-चार दिस गेले असते तर वरीसभर खायचं काय, धोंडे? आन् वर म्हणायचे, "जोडी आली व्हती गं!" असा राग यायचा मला!

ठकुबाई भांडली न्हाई. जुने पत्ते घेऊन भुईवर पाच जागी वाटत बसली. जोडी आली की पावट्याचा दाणा बाजूला. दोन दुपारी हाच धंदा. म्या म्हणलं, "आक्का, येड लागलं का काय?"

"गप गं. पाच जणांत कुणाला ना कुणाला जोडी येतीच. ह्यास्नी वाटतं, देवानं आपल्यालाच दिली. समोर एकच गडी असंल तर जोडी धरावी. चौघं असले तर भरवसा न्हाई."

रातच्याला तिनं भावजींना तेच सांगितलं. भावजी हसले.

दुसऱ्या दिशी आमी दोघी भाकरी घेऊन देवळात गेलो. डाव रंगात आलेला. भावजींचा चेहरा उजळलेला बघून ठकुबाई दारातूनच वरडली, "अवो, पानं न्हाई, माणसं मोजा!" समदे हसले. भावजींनी आजूबाजूला बघितलं, चौघंबी खेळतच व्हते. चरफडत त्यांनी अठ्ठ्यांची जोडी टाकून दिली. समोरच्या सर्जेरावानं राण्यांची जोडी दाखवली. भावजी ठकुबाईकडं बघाय लागले!

पुढं एका डावात तिघांनी पानं टाकली, निसता सर्जेराव उरला. भावजींनी सत्त्यांची जोडी धरली. एवढं करूनबी माणूस हरतं की! सर्जेरावानं पानं उलटी केली. एक्का, राजा, नव्वा. जोडी न्हाई! औत आमचं!

"बस की गेनबा, दुसरंबी औत जिंक," सर्जेराव म्हणाला. भावजींचा हात पत्त्यांकडं गेलाच.

"अवो," ठकुबाई म्हणाली, "आपली खाचरं एका दिसाच्या औताची. दुसऱ्या औताला कुठं घालता, उरावर? आता जिंकाय काय राह्यलंच न्हाई. निसतं हरायचं राह्यलंय."

भावजींनी हात मागं घेतला. मग म्हणाले, "सर्जेराव, बैलं सकाळीच धाडा." आन् उठले.

जिंकत असताना उठलेले भावजी म्या जल्मात पहिल्यांदा बघितले.