अहिरे मॅडमची दुरुस्ती

अहिरे मॅडम फोनवरचं बोलणं संपवताना कधी "ठेवते" म्हणत नसत. "काय ऐकलंत ते मला परत सांगा," म्हणत. पलीकडे प्राचार्य असोत की कँटीनवाला, त्याला ते परत सांगावंच लागे. "मी बोलले म्हणजे तुम्हाला पोचलं, असं नसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. धुळ्याच्या एका स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजात त्या तिसऱ्या वर्षाला डिजिटल कम्युनिकेशन शिकवत. मी चोपड्याहून तिथे नवा प्राध्यापक म्हणून रुजू झालो तेव्हा त्यांच्याच केबिनमध्ये मला टेबल मिळालं.

पहिल्या तासाला त्या फळ्याला हात लावत नसत. मुलांना डोक्यावरच्या पंख्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावत. व्हिडिओत पंखा कधी कधी उलटा फिरताना दिसे आणि वर्ग हसू लागे. "पंखा खोटं बोलत नाही. तुम्ही त्याच्याकडे कमी वेळा पाहिलंत," असं म्हणून त्या आवाजाचे नमुने सेकंदाला किती वेळा घ्यावे लागतात, तिकडे वळत. मूळच्या पिंपळनेरच्या. एखादं पोर गांगरलं की अहिराणीत येत, "नही समजनं ते सांग, मी अठेच शे," म्हणजे इथेच आहे. मार्कांच्या बाबतीत मात्र कडक. तिथे कुणाचंही चालत नसे.

एका मार्चमध्ये नवा पेपर काढायला त्यांनी आदल्या वर्षीचा समोर घेतला आणि वाचता वाचता थांबल्या. संदेश वाटेत बिघडला तर कळावं म्हणून त्याला काही जादा बिट जोडतात. ते सम संख्येच्या नियमाने जोडायचे की विषम, हे प्रश्नात सांगावं लागतं. मॅडमनी सांगितलंच नव्हतं. वर्गात सम शिकवलेलं, म्हणून मुलांनी सम धरलं होतं. त्यांनी कपाटातून जुना गठ्ठा काढून एकेक उत्तरपत्रिका पाहिली. भूषण नावाच्या एकाच मुलाने विषम धरून सगळं अचूक सोडवलं होतं. त्याला त्यांनी शून्य दिलं होतं. त्याचे आधीचेही विषय राहिलेले होते. हा विषय सुटला असता तर वर्ष वाचलं असतं. वायडी लागल्यावर, म्हणजे वर्ष वाया गेल्यावर, तो कॉलेज सोडून भडगावला घरी निघून गेला होता.

"निकाल लागून वर्ष होत आलं, मॅडम," मी म्हणालो. "कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"चूक सापडणं आणि ती दुरुस्त करणं हे दोन वेगळे धडे आहेत, सर. आपण पहिल्यावरच थांबतो."

रविवारी त्या भडगावला निघाल्या. मीही बरोबर गेलो. भूषण इंटरनेटच्या केबल ओढायच्या कामाला लागला होता, पण त्या दिवशी घरी होता. आईने पाणी आणलं. मॅडम खुर्चीवर बसल्याच नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "भूषण, तुन्हं उत्तर बरोबर व्हतं. मन्हाकडथून चूक व्हयनी."

त्याने हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "पेपर दाखवले त्या दिवशी मी आलो होतो ना मॅडम तुमच्याकडे. लायब्ररीतलं पुस्तक घेऊन आलो होतो. तुम्ही म्हणालात, वर्गात शिकवलंय तसंच लिहायचं."

हे मला ठाऊक नव्हतं. मी मॅडमकडे पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "मी पुस्तक उघडलंसुद्धा नाही."

"बाई, तुम्ही इतला लांबथून इतलंच सांगाले उनात?" आईने विचारलं. त्या आवाजात राग होता की नवल, ते मला आजही सांगता येत नाही.

सोमवारी मॅडमनी प्राचार्यांना अर्ज दिला. त्यात 'माझी चूक' हे शब्द दोनदा होते. एकदा तरी काढा, असं मी सुचवलं, ते त्यांनी ऐकलं नाही. समिती बसली. भूषणचे मार्क वाढले, पुढच्या वर्षाला प्रवेश मिळाला. मॅडमना मेमो मिळाला. विभागप्रमुखपद त्यांच्याकडे येणार होतं, ते त्यांच्याहून ज्युनिअर माणसाकडे गेलं. मेमो फाइलला लावून त्या तासाला गेल्या.

जूनमध्ये भूषण परत आला. शेवटच्या वर्षाला मॅडमचा एक विषय होता. तो शेवटच्या बाकावर बसे, एकही तास चुकवत नसे, एकही प्रश्न विचारत नसे. व्हरांड्यात समोरासमोर आले तर तो भिंतीकडे बघत पुढे जाई. फर्स्ट क्लासमध्ये पास झाला आणि कुणाला न भेटता नोकरीसाठी पुण्याला गेला.

पुढच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. पिंपळनेरची गाडी लागली होती; सामान चढवून दिल्यावर मी खिडकीपाशी उभा राहिलो आणि इतके दिवस मनात होतं ते विचारलं. "भूषण एकदाही बोलला नाही तुमच्याशी. वाईट वाटतं?"

"वाटतं ना," त्या म्हणाल्या. "पण त्याने बोलावं म्हणून मी गेले नव्हते, सर."

कंडक्टरने घंटी मारली.