नारंगी मोलीचं बाळंतपण

माझ्या मासोळीचं बाळंतपण माझ्या मायनं केलं.

कुरुंद्यात हळद पिकवणाऱ्या माणसानं रंगीत मासे पाळणं म्हणजे गावाला फुकटचा तमाशा! त्यात माझा प्रत्येक प्रयत्न पाण्यात गेलेला. मोली मासा अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो आणि मागं वळून तीच गट्ट करतो. (याला निसर्ग म्हणतात. मी दुसरंच काहीतरी म्हणायचो.) शेवटी बायकोनं बजावलं, "यंदा एकबी पिल्लू जगलं न्हाई, तर ही काचेची पेटी बाहेर अन् तिथं माझी शिलाई मशीन!"

मग मीही हट्टाला पेटलो. नारंगी मोलीचं पोट टम्म झालं तशी तिला वेगळ्या टबात ठेवली. पिल्लं झाली रे झाली की तिला उचलायचं, बस्स! डोळ्यात तेल घालून बसलो.

पण माय म्हणजे गल्लीतली निम्मी बाळंतपणं केलेली बाई. तिनं टबाजवळ ओव्याची धुरी केली. बाळंतिणीच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो. टबाला दार नाही, म्हणून तो सरळ पाण्यात सोडला.

"माय, मासा हाय तो!"

"मग? माशाला नजर लागत न्हाई व्हय?"

दुपारी पिल्लं झाली. जिरं सांडावं तशी! मी चहाच्या गाळणीनं मोलीला उचलून पेटीत सोडलं आणि बायकोला बोलवायला परसात पळालो. ऐटीत परत येतो तर काय, मोली पुन्हा टबात!

"माय! काहून टाकलं तिला?"

"ओल्या बाळंतिणीची लेकरं तोडून राहिलास, लाज न्हाई वाटत तुला?"

टबात एकही पिल्लू दिसेना. मोलीचं तोंड मात्र चालू होतं. मला खरोखर रडू आलं. बायको मशीनची जागा वितीनं मोजायला लागली.

रागाच्या भरात मी तो डहाळा उपसायला गेलो, तर पानांआडून पिल्लं सटासट सुटली! मोलीही वळली.

"अवं, काढा की तिला!" मशीन विसरून बायकोच ओरडली. गाळणी सापडेना, मी हातानंच मोली धरली.

पिल्लं जगली, पेटी राहिली. मायनं रीतसर बारसं घातलं. मी सापडलेली गाळणी धरून टबाजवळ पहाऱ्याला. घुगऱ्या खाता खाता शेजारणीनं विचारलं, "मावशी, यातला लेकरांचा बाप कोणता?"

मायनं पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. बोट सरळ माझ्याकडे!

"ह्यो काय, गाळणी घेऊन बसलाय."