बँडमास्तरची बोटं

नोकरीत मी प्रेतं पाहिली, जळालेली माणसं पाहिली. पण आजही अंगावर काटा येतो तो एका वेगळ्याच घटनेच्या आठवणीनं, आणि त्या घटनेत कोणी मेलेलं नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या महाल भागातल्या एका ठाण्यात मी सब-इन्स्पेक्टर होतो. संध्याकाळची हजेरी चालू असतानाच एक माणूस धापा टाकत आला. त्याच्या बहिणीच्या नवऱ्याला कोणीतरी गल्लीत गाठून डाव्या हाताची चार बोटं दगडानं ठेचली होती. जखमी माणूस म्हणजे शहरातला नावाजलेला बँडमास्तर. त्याचं क्लॅरिनेट नसेल तर लग्नाची तारीख पुढं ढकलणारी घरं होती.

फिर्यादीनं संशयिताचं नावही सांगितलं. तो मंडप-डेकोरेशनचा धंदा करणारा एक तरुण. वर्षभरापूर्वी मास्तरला छातीचा त्रास सुरू झाला, डॉक्टरनं वाजवणं बंद करायला सांगितलं, तेव्हा मास्तरनं अख्खा बँड या तरुणाला विकला. वाद्यं, गणवेश, बँडचं नाव, सगळं. मास्तरनं यापुढं नागपूर व आसपास कुठंही वाजवायचं नाही आणि कोणाला शिकवायचंही नाही, असं स्टॅम्प पेपरवर ठरलं. पण विश्रांतीनं मास्तरची छाती बरी झाली आणि तो कुही गावच्या एका लग्नात वाजवून आला. कुही 'आसपास'मध्ये येतं की नाही, यावर दोन वकिलांचा वाद जुंपला. नोटीस गेली, उत्तर आलं. शेवटी तो तरुण मास्तरच्या दारात येऊन भर गल्लीत ओरडला होता, "पुन्हा वाजवलं तर बोटं तोडीन!"

हे ऐकणारे डझनभर साक्षीदार होते. गंभीर दुखापतीचा गुन्हा दाखल करून मी त्याला अटक केली.

चौकशीत तो धमकी नाकारत नव्हता. "बोललो होतो, साहेब. रागात माणूस बोलते. पण मी हात नाही लावला." मग त्यानं विचारलं, "कोणता हात, साहेब?"

"डावा."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "मंग आता मास्तर वाजवू नाही शकत?"

आरोपी सोंगं करतात, रडतात, देवाच्या शपथा घेतात. पण मार खाल्लेल्या माणसाच्या पुढच्या आयुष्याची चौकशी करणारा आरोपी मी तोवर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी खबर मिळाली. गल्लीच्या तोंडाशी पानठेला होता. त्याचा मालक कॉन्स्टेबलजवळ हळूच बोलला, "मी काल दिवसभर ठेल्यावरच होतो. इथं मारामारी झालीच नाही." मी सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, चारही बोटं एका रेषेत ठेचली आहेत. अंगावर दुसरा ओरखडा नाही. मारणाऱ्यापासून माणूस हात ओढून घेतो. हा हात सपाट ठेवलेला होता.

मी मास्तरच्या घरी गेलो. बायको एकटीच होती. स्वयंपाकघरात भिंतीला पाटा टेकवलेला दिसला. वरवंटा नव्हता.

"बाई, वरवंटा कुठं आहे?"

तिनं पाट्याकडं पाहिलं. "विहिरीत टाकला, साहेब. त्याच्यानं आता चटणी कशी वाटू मी?"

क्षणभर मला तिचं बोलणं कळलंच नाही. मग कळलं, बोटं गल्लीत नाही, याच पाट्यावर ठेचली गेली होती.

दवाखान्यात मास्तर छताकडं पाहत पडला होता. आधीच्या जबाबात तो एक शब्द बोलला नव्हता. भीतीनं बोलत नसेल, असं आम्ही धरून चाललो होतो. मी त्याला एवढंच सांगितलं, की तो पोरगा लॉकअपमध्ये आहे आणि त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून आहे.

मास्तरनं डोळे मिटले. "त्यानं नाही मारलं. मीच मारलं."

"काहून, मास्तर?"

"शब्द देल्ला होता, साहेब. दुखण्यात देल्ला. मंग बरं वाटाले लागलं. दुरून वरात आयकू आली का माही बोटं आपोआप चालत. कुहीहून आलो तवा बायकोले सांगतलं, हे शेवटचं. तरी पुन्हा एका लग्नात वाजवाची सुपारी घेतली. लोक म्हणून राहिले होते, मास्तर बेइमान झाला. मले बेइमान व्हाचं नव्हतं. म्हणून बोटंच नाही ठेवली."

"मग त्या पोराचं नाव?"

"साळ्यानं घेतलं. म्हणे, तो जेलात गेला का कागद आपोआप फाटते, बँड परत आपला, तुम्ही फक्त चूप राहा. मी चूप राहिलो. तेवढी बेइमानी झालीच."

खोट्या फिर्यादीबद्दल साळ्यावर कारवाई झाली. तरुणाला सोडताना मी त्याला खरं काय ते सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. तो चिडला नाही. पायरीवर बायकोशेजारी जाऊन बसला. नंतर त्यानं नोटीस मागं घेतली आणि मास्तरला करारातून मोकळं केलं.

पुढच्या लगीनसराईत मी एका वरातीच्या बंदोबस्तावर होतो. त्या तरुणाचाच बँड वाजत होता. गर्दीत मास्तर दिसला, डावा हात खिशात. जवळ येऊन म्हणाला, "क्लॅरिनेटवाला वरच्या सुरात घसरून राहिला."

"मग जाऊन सांगा ना त्याला."

"वाजवाचं नाही अन् कोणाले शिकवाचं नाही, असं लिहून देल्लं हाय मी."

"तो करार तर त्यानं सोडला."

"त्यानं सोडला असंन, साहेब. मी नाही सोडला."

आणि वरात पुढं गेली तरी तो तिथंच उभा राहिला.

नंतरच्या नोकरीत धंद्याच्या खरेदी-विक्रीची भांडणं घेऊन पुष्कळ जण माझ्यासमोर आले. कागद मी वाचतच असे, पण त्याआधी विकणाऱ्याला समोर बसवून विचारत असे, "जे विकलंस, ते सोडून जगता येईल का तुला?" बहुतेक जण चटकन 'हो' म्हणत. जो उत्तर द्यायला वेळ लावी, त्याच्या घरी मी दुसऱ्या दिवशी त्याची खुशाली पाहायला माणूस पाठवत असे.