निफाडच्या धुक्यातल्या बायका

चहा ओता आधी. आणि ते दार जरा लोटून घ्या, मनू आत आहे. तिच्या कानावर हा किस्सा गेला की ती बाहेर येते आणि निम्मा स्वतःच सांगते. माझी अब्रू जायची तेवढी गेलेलीच आहे म्हणा, पण निदान घालवायचा मान तरी माझा मला राहू द्या!

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी नाशकात सातपूरला एका कारखान्यात होतो, घर सिडकोत. मुलांच्या सहलीबद्दल माझी मतं फार ठाम होती. सहल स्वस्तात व्हायला हवी आणि पोरांच्या डोक्यात काहीतरी पडायला हवं! पांडवलेणी झाली, धरण झालं, सोमेश्वरचा धबधबा झाला. पांडवलेण्यांत मी इतकं बोललो की दुसऱ्या एका शाळेची पोरं आपल्या बाईंना सोडून माझ्यामागे यायला लागली.

आमची बायको नंदा म्हणायची, "तुमच्या सहलीत डबा घरचा, पाय आपापले आणि तोंड फक्त तुमचं."

पण त्या थंडीतल्या सहलीला खरंखुरं कारण होतं. मनू तेव्हा आठ वर्षांची. शाळेच्या रिक्षात कुठल्यातरी कार्टीनं तिला सांगितलं होतं की हडळ नेहमी पाठ करून उभी असते, तोंड दाखवत नाही, आणि आपण हाक मारली की मगच वळते. झालं! तेव्हापासून पोरगी संध्याकाळनंतर एकटी मोरीत जाईना. मी दाराबाहेर उभं राहायचं आणि आतून आवाज यायचा, "बाबा, आहात ना?" मी म्हणायचं, "आहे." पुन्हा "आहात ना?" पुन्हा "आहे." खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. जगात निदान एका माणसाला माझ्या नुसत्या उभं राहण्याचा आधार होता.

पण पोरगी भित्री राहून कसं चालेल? मी ठरवलं, हिला नांदूरमध्यमेश्वरला न्यायचं. पक्षी बघायला. पहाटे, अंधारात, धुक्यात उभं करायचं आणि दाखवायचं, बघ बाई, अंधारात फक्त बदकं असतात.

शनिवारी संध्याकाळी स्कूटरवरून तिघं निफाडला गेलो. तिथं नंदाचा चुलतभाऊ विलास राहतो. म्हणजे मुक्काम फुकट!

विलास म्हणाला, "दाजी, उजाडल्यावर निघा. धुकं लय पडू राहिलंय. आपला हात आपल्याला दिसत नाय."

मी हसलो. "विलासराव, उजाडल्यावर पक्षी तुमच्यासाठी थांबतात होय?"

मी कुठंतरी वाचलं होतं की पक्षी बघताना भडक कपडे घालायचे नाहीत आणि बोलायचं नाही. म्हणून पहाटे अंधारातच विलासकडच्या तीन करड्या घोंगड्या मागून घेतल्या आणि तिघांना डोक्यापासून गुंडाळलं. दारात निरोप द्यायला उभी असलेली विलासची बायको आम्हाला बघून चटकन आत गेली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

निघालो. आणि काय सांगू, निफाडचं धुकं! स्कूटरचा दिवा लावला तर पुढं नुसती पांढरी भिंत. विझवला तर तीच भिंत काळी. डांबरी रस्ता कुठं संपला आणि कच्ची वाट कुठं लागली, मला पत्ता नाही. चाक खडखडायला लागलं तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासानं म्हणालो, "आलंच पाणी." एका वळणावर स्कूटर गचके देऊन बंद पडली आणि मग इतकं शांत झालं की मला माझ्या घोंगडीच्या लोकरीचा आवाज येत होता.

"चालत जाऊ," मी कुजबुजलो. "आणि कुणी बोलायचं नाही."

चाललो. कुठूनतरी टप, टप, दव गळत होतं. ओल्या लाकडाच्या धुराचा वास येत होता, पण जाळ कुठंच नव्हता. एकदा कुणीतरी खोकलं. अगदी जवळ, जणू कानाशी. मी थांबलो, तर खोकलाही थांबला. मनूनं माझं बोट धरलं होतं. ती घाबरली असेल म्हणून मी ते घट्ट दाबलं.

मग धुकं जरासं विरळ झालं आणि वाटेच्या कडेला बायका दिसल्या.

एक रांगच होती. ओळीनं, खांद्याला खांदा लावून उभ्या. कुणाची साडी हिरवी, कुणाची फिकट गुलाबी, कुणाची पांढरी. रांग धुक्यात पुढं कुठवर गेली होती, दिसत नव्हतं. सगळ्या गप्प!

मला वाटलं, सुरगाण्या-पेठेकडच्या मजूर बायका असतील, बागेत न्यायला येणाऱ्या जीपची वाट बघत. निफाड-दिंडोरीकडं पहाटे नाक्यानाक्यावर उभ्या असतातच. मी पुढं झालो. "काय हो, अभयारण्याकडं जायचा रस्ता हाच का?"

उत्तर नाही.

"काय हो! रस्ता विचारतोय मी!"

काही नाही. एवढ्या बायका, आणि एकही कुजबुज नाही, एक हुंकार नाही, बांगडीचा आवाजसुद्धा नाही! नंदा मागून हळूच म्हणाली, "अहो, ताई म्हणा. असं दरडावतात का?"

मी म्हटलं, "ताई, जरा सांगता का?"

तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि ती अख्खी रांग एकदम, सगळ्या मिळून, माझ्याकडं वीतभर पुढं आली.

आता मी नीट बघितलं. पदर होते, पण पदराच्या वर डोकी नव्हती. म्हणजे डोकी असतात तिथं नुसतं धुकं होतं. रिक्षातली ती कार्टी आठवली. पाठ करून उभी असते. हाक मारली की वळते. आणि मी तर तीन वेळा हाक मारून बसलो होतो, त्यातली एक ताई म्हणून!

मनू अगदी शांत आवाजात म्हणाली, "बाबा, त्यांना पाय नाहीत."

मी खाली बघितलं. खरंच नव्हते हो! साड्या जमिनीपासून हातभर वर संपत होत्या आणि खाली काळोख.

मला म्हणायचं होतं, "मनू, घाबरू नकोस." पण तेवढ्यात रांगेच्या पलीकडं तांबूस उजेड हलला. पुन्हा तो खोकला. आणि मधल्या पांढऱ्या साडीच्या आतून एक हात बाहेर आला, साडी बाजूला सारली गेली, आणि एक तोंड नसलेलं डोकं बाहेर येऊन मला म्हणालं,

"आलास का? कवाची वाट पाहू राहिले मी तुझी!"

मी पळालो.

कुठं, कसं, विचारू नका. घोंगडी कुठं पडली माहीत नाही. दहा पावलं गेलो असेन नसेन, समोरून दुसरी एक बाई आली आणि तिनं मला मिठी मारली. गार, ओली मिठी. मी सुटायला बघतोय तर ती आणखी गुंडाळतेय. तोंडावर पदर, गळ्यात पदर! मी जीव खाऊन ओरडलो, "सोडा! सोडा मला! माझी बायको-पोरगी तिकडं आहेत!"

आता मला त्यात असं म्हणायचं होतं की मी बायको-मुलीचा धनी आहे, माझ्यावर दया करा. पण ऐकणाऱ्या तिघींनी त्याचा अर्थ वेगळाच लावला, तो येईलच पुढं.

"अगं बया! कोण हाय रं तिकडं?" मघाचाच तो आवाज. कुणीतरी येऊन मला कापडातून सोडवलं. बघतो तर पन्नाशीची एक धडधाकट काकू, धुरानं डोळे लाल झालेले, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला. हातात जळकं लाकूड.

"मला वाटलं पोरगा आला लाकडं घेऊन," ती छातीवर हात ठेवून म्हणाली. "पाहते तर घोंगडी पांघरलेले तिघं, धुक्यात, गपचिप उभे! माझं काळीज तोंडाला आलं. आन एक तर वरडत साड्यांमधी घुसला!"

साड्या. हो, साड्याच! द्राक्षबागेच्या कडेनं तारेला बांधलेल्या जुन्या साड्या. उन्हाचा, वाऱ्याचा मार घडांना लागू नये म्हणून बांधतात. आणि कडाक्याच्या थंडीत मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. जन्म नाशकात गेला माझा. एसटीच्या खिडकीतून असल्या शेकडो बागा बघितल्यात मी.

तेवढ्यात नंदा आणि मनू चालत आल्या. चालत! मनूच्या हातात द्राक्षांचा छोटा घड होता आणि ती खात होती.

"मनू, तू घाबरली नाहीस?"

"बाबा, काल संध्याकाळी येताना तुम्हीच नाही का स्कूटर थांबवून सांगितलं, बागेला साड्या लावतात म्हणून? मी तेच तर सांगत होते. पाय नाहीत, म्हणजे साड्या आहेत."



काकूनं शेकोटीजवळ बसवलं, चहा दिला. मग माझ्याकडं बघून टॉवेलात तोंड घालून हसायला लागली, ती थांबेचना. नंदा तिथल्याच एका साडीचा पदर हातात धरून बसली होती. "कुणीतरी रफू केलंय बघा," ती म्हणाली. "किती बारीक टाके. कुणाची असेल ही?"

"काय ठाव," काकू म्हणाली. "सुरतेकडनं गाठोडी येत्यात. कुणाच्या हायेत, त्या बाया हायेत का गेल्या, कुणी विचारलंय? मी एकटी असले का बोलते त्यांच्याशी. सोबत होती."

वारा आला आणि ती रांग पुन्हा हलली. कळलेलं असूनही चहाचा कप मी दोन्ही हातांनी धरला.

पक्षी? दिसले की. धुकं उठलं तेव्हा दुपार व्हायला आली होती. लांब पाण्यावर काळे ठिपके होते. मी मनूला सांगायला तोंड उघडलं, तर नंदानं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी मिटलं.

संध्याकाळी घरी आलो. अंधार पडला होता. मी सवयीनं मोरीच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो. मनू आली, माझ्या बाजूनं आत गेली, कडी लावली. मी वाट बघत होतो. आतून हाक नाही. पाण्याचा आवाज, मग तांब्या ठेवल्याचा आवाज, आणि कडी उघडली.

खरं सांगतो, छाती भरून आली. सहल सफल झाली! मी म्हटलं, "मने, भीती गेली ना?"

"नाही," ती म्हणाली. "वाटते ना."

"मग वेडाबाई, हाक मारायची! बाबा इथंच उभे होते."

पोरगीनं माझ्याकडं फार मायेनं बघितलं. म्हणाली, "बाबा, हाक मारून काय उपयोग? ती हडळ आली तर तुम्हीच सांगाल, मनू आत आहे म्हणून."