प्रस्थानाची साडी आणि तीन फटफट्या

विघ्नहर्त्या गजाननाला आणि वाग्देवतेला वंदन करून, माझी भाची वैजयंती हिच्या विवाहाला गेल्या आठवड्यात एक वर्ष पूर्ण झाले त्या निमित्ताने, मी नम्रपणे नमूद करतो की, तिच्या विवाहाच्या दिवशी सकाळी नऊ ते बारा या वेळेत मी भर रस्त्यावर तीन अनोळखी गृहस्थांच्या फटफट्या अडवल्या. त्यांपैकी एकीतही साडी निघाली नाही.

वर्षपूर्तीच्या पंगतीत ही हकीकत माझ्या पत्नीने, माझ्या धाकट्या बहिणीने आणि जीपचालक बालाजीने अशी तिघांनी तीन प्रकारे सांगितली. तिन्ही प्रकारांत मीच मूर्ख ठरतो. चौथी आणि प्रमाणभूत आवृत्ती असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

विवाह पाथरीला होता. वार गुरुवार, मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांचा. आमचे घर देवगाव फाट्याजवळ. तेथून पाथरी दक्षिणेला, आणि गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल! म्हणजे त्या वारी त्या दिशेने प्रवासास निघू नये. भाचीच्या लग्नाला मामाने निघूच नये, असे तर शास्त्र म्हणणार नाही. शास्त्र दयाळू असते; त्याने उपाय देऊन ठेवला आहे. त्याला प्रस्थान ठेवणे म्हणतात. आदल्या दिवशी शुभ वेळ पाहून आपल्या सामानातील एक वस्तू घराबाहेर, जायच्या दिशेला नेऊन ठेवायची. प्रवास त्याच क्षणी सुरू झाला असे मानले जाते. दुसऱ्या दिवशी आपण ती वस्तू उचलून प्रवास फक्त पुढे चालू ठेवायचा.

प्रस्थानासाठी मी निवडली अष्टपुत्री. मामाने भाचीला द्यायची पिवळी साडी! ती नेसूनच नवरी बोहल्यावर उभी राहते.

"अहो, लग्नाची साडी कशाला?" पत्नी म्हणाली. "तुमचा पंचा ठेवा की."

"पंचा ठेवला तर पंच्याचा प्रवास सुरू होईल. मुख्य कार्य साडीचे आहे."

"मग देवळात ठेवा."

"मारुतीचे देऊळ उत्तरेला आहे."

"मग ठेवता कुठं?"

"ते मी पाहतो," मी म्हणालो. (आमच्या संसारातील बहुतेक अनर्थांचा आरंभ या तीन शब्दांनी झाला आहे. निरीक्षण पत्नीचे, मला ते अमान्य करता आलेले नाही.)

आमच्या घराच्या दक्षिणेला एकच वास्तू आहे: करीमभाईंचे गाड्या दुरुस्तीचे दुकान. बुधवारी संध्याकाळी मी साडी घेऊन गेलो, तो दुकानाचे शटर खाली ओढलेले. बाहेर मात्र लिंबाच्या झाडाखाली ती उभी होती. फटफटी! ही एके काळी माझीच. तरुणपणी धोतराचा काचा मारून मी तिच्यावरून शाळेत संस्कृत शिकवायला जात असे. उन्हाळ्याच्या सुट्टीत वैजू आमच्याकडे आली की पुढे टाकीवर बसे आणि "मामा, अजून जोरात!" म्हणून माझे कान दुखेपर्यंत ओरडे. पुढे पत्नीच्या आग्रहावरून मी ती करीमभाईंना दिली, आणि देताना स्वच्छ बजावलेही होते, "करीमभाई, ही आता फाट्यापर्यंतही जायची नाही." त्यावर ते नुसते हसले होते. त्या हसण्याचा अर्थ मी तेव्हा लावला नाही.

आता तिच्या सीटवर दोन कोंबड्या बसल्या होत्या. जगात पदार्थ दोन प्रकारचे: स्थावर आणि जंगम. सबंध सेलू तालुक्यात या फटफटीहून अधिक स्थावर वस्तू मला दिसेना. (रोज पहाटे माझ्या पूजेच्या वेळी दुरून एक फटफट आवाज येत असे, हे खरे. बारा वर्षे मी त्याला पिठाची गिरणी समजत आलो. त्या बाजूला गिरणीच नाही, हे मला नंतर पत्नीकडून कळले. दळण आणायला मी कधी गेलो असतो, तर हा लेख लिहावा लागला नसता.)

फटफटीच्या बाजूला जुनी लोखंडी पेटी आहे. मी कोंबड्यांची क्षमा मागून तिच्यात साडीचे पुडके ठेवले, त्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले, सुवाच्य अक्षरात 'प्रस्थान' अशी चिठ्ठी खोचली आणि तारेने पेटी बांधून समाधानाने घरी आलो. कोणाला काही सांगितले नाही. इतक्या अचल जागेविषयी सांगायचे तरी काय!

गुरुवारी सकाळी दही खाऊन, बालाजीची जीप दाराशी उभी करून, मी पत्नीसह प्रस्थान उचलण्यास गेलो. लिंबाखाली दोन कोंबड्या आणि तेलाचा एक काळा डाग, एवढेच शिल्लक होते.

"करीमचाचा?" शेजारचा चहावाला म्हणाला. "पहाटंच गेला की फटफटीवर."

"फटफटीवर? ती चालते?"

"रोजच चालती, गुरुजी! तुमी कुठं असता?"

"कोठे गेले?"

"ते न्हाई म्हाईत. सेलूकडं त्वांड व्हतं."

मी करीमभाईंना फोन लावला. बंद शटरच्या आतून घंटी वाजू लागली.

पत्नीने माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टीचे वर्णन करण्यास संस्कृत समर्थ आहे, पण मी नाही. "अक्काला फोन करा," ती म्हणाली. अक्का म्हणजे माझी तीच धाकटी बहीण, नवरीची आई.

"मुळीच नाही! लग्नघरी तिच्या जिवाला घोर कशाला? आपण रस्त्यात करीमभाईंना गाठू. जुनी फटफटी अशी कितीशी पळणार? आणि आजच्या काळात या रस्त्यावर दुसरी जुनी फटफटी असणार तरी कोठून?" एवढे बोलून मी माझा फोन पत्नीच्या पिशवीत टाकला आणि जीपमध्ये पुढे बसलो. मागे दहा-बारा प्रवासी आधीच कोंबलेले होते.

दोन मैलांवरच ती दिसली. तीच गोल टाकी, तोच निळा धूर! "बालाजी, आडवी घाल!" मी जीपमधून उतरून दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मध्ये उभा राहिलो. फटफटी कचकन थांबली. दोन्ही बाजूंना दुधाचे हंडे, आणि मध्ये भेदरलेला एक गवळी. मी काही न बोलता हंडे बाजूला सारून पेटी शोधू लागलो. पांढरे धोतर, कपाळी गंध, अधिकारी मुद्रा. त्या बिचाऱ्याचा गैरसमज झाला.

"साहेब, देवाशपथ, पाणी आमी न्हाई घालत!" तो हात जोडून म्हणाला. "म्हसच पाण्यात बसती लय!"

"तुमच्या फटफटीला पेटी नाही?"

"पेटी बी लागती का आता? कागद हायेत साहेब, पेटीचं कुणी सांगितलं न्हाई!"

त्याला आशीर्वाद देऊन मी परतलो. जीपमध्ये दबके हसणे चालू होते.

सेलूच्या पुढे दुसरी. तिच्यावर नवरा, बायको, दोन लेकरे आणि एक शेळी असा परिवार होता आणि बाजूला पेटी होती! पेटीच्या फटीतून पिवळे कापड डोकावत होते. "सापडली!" अशी गर्जना करून मी त्या गृहस्थाने पाय टेकताक्षणीच झाकण उघडले आणि पिवळे कापड ओढले. त्यातून पाच भाकरी, ठेचा आणि दोन कांदे रस्त्यावर आले. शेळीने तत्परतेने एका भाकरीचा समाचार घेतला.

"अवो बाबा!" ती बाई कडाडली. "भाकरी हायेत त्या! धोतरं नेसून दरोडे घालायलेव का आता?"

"माते, माझी साडी हरवली आहे."

"तुमी साडी नेसता?"

जीप हसून हसून हलत होती. मी पत्नीने भाचीसाठी केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा त्या माउलीच्या हवाली केला. परत येऊन बसलो तेव्हा पत्नी शांतपणे म्हणाली, "साडी गेली, लाडू गेले. आता अक्काला फोन करू का?"

"पाथरी अजून पुढे आहे," मी आत्मविश्वासाने म्हणालो.

आणि पुढे तिसरी होती. या वेळी मात्र शंकेला जागाच नव्हती. तोच रंग, तोच टाकीवरचा पोचा, तीच लोखंडी पेटी तारेने बांधलेली! चालवणारे झुपकेदार मिशांचे, डोक्याला फेटा बांधलेले एक वृद्ध. म्हणजे करीमभाईंनी गाडी कोणाला तरी दिली, किंवा कोणी ती पळवली! बालाजीने जीप बरोबरीने घेतली.

"थांबा!" मी ओरडलो.

"थांबता येत न्हाई!" ते ओरडले. शब्द काहीसे बोबडे येत होते.

"का थांबता येत नाही?"

"थांबली की बंद पडती! बंद पडली की उद्या सकाळी चालू व्हती!"

चोर दुसरे काय सांगणार! "बालाजी, आडवी घाल!"

बालाजीने घातली. फटफटी थांबली, आणि खरोखरच बंद पडली. मी तार सोडून पेटी उघडली. आत नट आवळायचे तीन पाने, चिंध्या आणि दातांची एक कवळी होती.

"दात हायेत माझे," ते गृहस्थ म्हणाले. "गाडी लय थरथरती, म्हणून काढून ठिवतो. सांडू नका."

एवढ्यात जीपमधून एकच गलका उठला. "गुरुजी," बालाजी अजिजीने म्हणाला, "बाकीच्या सवाऱ्या बोंबलायलेत. तुमी येता का मी जाऊ?"

पण मला निघता येईना. ज्या वृद्धाची चालती गाडी मी बंद पाडली, त्याला उन्हात टाकून जाणे हा अधर्म होता. मी पत्नीकडे पाहिले. ती पिशवी सावरून बसली. "मी पुढे होते," ती म्हणाली. "मामा नसला तर नसला, मामी तरी वेळेवर असू दे." आणि जीप गेली. माझा फोनही गेला.

त्या गृहस्थांचे नाव दिगंबरराव. निवृत्त तलाठी. "ढकला," एवढेच ते म्हणाले. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, धोतराचा काचा मारून, मी ती फटफटी ढकलू लागलो. मी मनात विष्णुसहस्रनाम धरले होते. उतार लागला आणि फटफटीने एक असा हुंकार दिला की शेजारच्या उसातून बगळे उडाले. नळीतला सगळा काळा धूर माझ्या मुखावर विसावला.

"बसा! बसा! आता थांबणं न्हाई!"

मी धावत बसलो. कसा बसलो, ते आजही सांगता येत नाही. दिगंबरराव पाथरीपर्यंत त्या गाडीचा इतिहास सांगत होते. दात पेटीत असल्यामुळे मला त्यातले काही कळले नाही. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. साडी नाही आणि मामाही नाही, अशा स्थितीत माझी वैजू बोहल्यावर उभी राहणार, या विचाराने मी विष्णुसहस्रनाम पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

मंगल कार्यालय आले. आतून मंगलाष्टके ऐकू येत होती.

"उतरा, गुरुजी!"

"आधी थांबवा!"

"थांबवता येत न्हाई, सांगितलं की! घरी कसा जाऊ मी?"

आणि त्यांनी कार्यालयाला फेरा घातला. पहिल्या प्रदक्षिणेत मला दारातून अंतरपाट दिसला. दुसऱ्या प्रदक्षिणेत वऱ्हाडी माना वळवून पाहताना दिसले. तिसऱ्या प्रदक्षिणेत वैजू दिसली. ती पिवळ्या साडीत होती. तीच साडी! ते काठ मी स्वतः निवडले होते. आश्चर्याने माझे हात सुटले आणि मी आचाऱ्याने रचून ठेवलेल्या पत्रावळींच्या ढिगात सुखरूप पोहोचलो.

आत धावलो. शेवटचे मंगलाष्टक सुरू होत होते. नवरीच्या मागे, मामाने जेथे उभे राहायचे तेथे, करीमभाई उभे होते. स्वच्छ सदरा, डोक्याला लग्नाचा फेटा, आणि हातात तेलकट पाना.

उलगडा दोन वाक्यांत झाला. कार्यालयाचे जनरेटर बिघडले, म्हणून अक्काने त्यांना बुधवारीच निरोप देऊन पहाटे बोलावले होते. आणि पाना काढायला त्यांनी पेटी उघडली, तो वर स्वस्तिक आणि माझे अक्षर. "दादा किती व्यवस्थित! साडी आधीच पाठवून दिली," असे अक्का सकाळपासून येईल त्याला सांगत होती. एका फोनचा प्रश्न होता. फक्त एका!

"या गुरुजी," करीमभाई बाजूला सरकत हळूच म्हणाले. "अक्का बोलल्या, मामा येईस्तोवर तूच थांब. तुमची जागा धरून ठिवली व्हती."

"तुम्हीही थांबा," मी म्हणालो.

वैजूने किंचित मान वळवून माझे काळेठिक्कर तोंड पाहिले. अंतरपाटापुढे हसू नये म्हणून तिने ओठ इतके घट्ट मिटले की डोळ्यांतून पाणी आले. वऱ्हाडाने ते सासरी जाण्याचे दुःख समजून पदर डोळ्यांना लावले. "मामा," ती पुटपुटली, "अजून जोरात आला असता तर!"

अक्षता पडल्या. त्या क्षणाचे छायाचित्र तिच्या घरी भिंतीवर आहे: नवरीमागे दोन मामा, एकाच्या हातात पाना, दुसऱ्याच्या डोक्यात पत्रावळीची पाने.

प्रस्थानाच्या शास्त्रावर माझी श्रद्धा या प्रसंगाने दृढच झाली. ठेवलेली वस्तू निर्विघ्नपणे आणि मुहूर्ताच्या कितीतरी आधी पोहोचली. मी निकामी ठरवलेली फटफटी पोहोचली. दिशाशूल जो काही लागायचा तो मागे राहिलेल्या सामानाला लागला. आणि मागे राहिलेले सामान म्हणजे मी.

वाचकहो, श्रीगजानन आपल्या घरी मंगल कार्ये घडवो, आपल्या लेकीबाळींचे संसार सुखाचे करो, आणि आपण निकामी ठरवलेल्या सर्व वस्तूंना दीर्घायुष्य देवो. शक्य झाल्यास त्या यादीत माझेही नाव धरावे. ते माझ्या पत्नीने आधीच घातले आहे.