ब्रेकची वाटणी

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचा उन्हाळा, वैशाखाचा शेवटचा आठवडा. बसा, चहा उकळतोय. तोवर माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. दुसरा कोणी सांगेल तर मसाला लावेल, आणि ती मुळातच कमी तिखट नाही.

माझ्याकडे तेव्हा बासष्ट सालची काळी मोटार होती. येडगाव धरणावरच्या साहेबांची, लिलावात घेतलेली. लांबून तिचा आवाज आला की वारूळवाडीतल्या बाया चुलीपुढूनच म्हणायच्या, आबा आले. मोटार आता नाही. आवाज अजून कधीतरी दुपारी कानात येतो.

थोरल्या मुलाचं, संपतचं, लग्न डिंभ्याला ठरलं. नवरदेव याच मोटारीतून जाणार, हे मी मुलगी बघायच्या आधीच ठरवलं होतं. पण ब्रेक जुने आणि वाटेत उतार. म्हणून जुन्नरच्या रफिकभाई मिस्त्रीकडून पुढच्या चाकांना नवे डिस्क ब्रेक बसवून घेतले. मग त्याने माझ्या हातात पेरूएवढा एक पितळी व्हॉल्व्ह ठेवला. त्याला फिरवायची मूठ.

"आबा, ह्यो मागच्या चाकांच्या नळीत बसतो. ब्रेकचा जोर पुढं जास्त जातो, मागं कमी. उद्या या, मी बसवतो."

"उद्या कशाला? नळ्या मी बी जोडल्यात. पण मागच्याला कमी का?"

"ब्रेक दाबला की वजन पुढं जातं. मागची चाकं हलकी पडत्यात. त्यांना लई दाबलं तर गाडी गिरकी घेती."

ऐकलं. पटलं नाही.

आता माझं सांगतो. गावात भावाभावांची वाटणी असली की मला बोलावणं यायचं. विहिरीचं पाणी असो की बांधावरचा आंबा, मी दोरी धरली की कोणी चकार शब्द काढत नसे. थोरल्याला जास्त, धाकट्याला कमी, असं माझ्या हातून कधी झालं नाही. मग माझ्याच मोटारीत मागच्या चाकांवर अन्याय?

घरी व्हॉल्व्ह बसवला. नळीतली हवा काढली, गळती पाहिली. काम चोख. मग मूठ फिरवून मागचा जोर पूर्ण मोकळा केला. समसमान.

लग्नाला निघताना रफिकभाई मोटारीत माझ्या शेजारीच बसला. "मूठ किती फिरवली, आबा?"

"बरोबर फिरवली."

डिंभ्याच्या वेशीवर मुलीकडची मंडळी वाजंत्री घेऊन उभी. उताराच्या तळाशी बारीक खडी पसरलेली. सगळ्यांसमोर झोकात थांबावं म्हणून मी ब्रेक जोरात दाबला.

मागची चाकं आधी जाम झाली आणि मोटारीने गिरकी घेतली. धुळीचा लोट उठला. तो खाली बसला तेव्हा नवरदेवाची पाठ मांडवाकडे आणि तोंड वारूळवाडीकडे. खरचटलं कोणालाच नाही. संपतच्या मुंडावळ्या तेवढ्या कानामागे गेल्या होत्या.

वाजंत्री थांबली.

"नवरदेव माघारी निघाला," गर्दीतून आवाज आला.

"रुसला जणू. काय द्यायचं ऱ्हायलं रं?"

आमच्याकडे नवरदेव रुसतो, पण पंगतीत. मग सासऱ्याने काहीतरी देऊन त्याला मनवायचं. वेशीवर, मोटारीसकट रुसलेला कोणी पाहिला नव्हता.

व्याही फेटा सावरत धावत आले. "पावणं, काय चुकलं आमचं? इथनं फिरू नका. पोरीला हळद लागलीया."

मी म्हणायला हवं होतं, ब्रेक चुकला. पण ज्यांच्या वाटण्या मी केल्या ते सगळे मागच्या टेम्पोतून माना काढून बघत होते. मी म्हणालो, "बघू."

झालं. व्याह्यांनी घराकडे हाक दिली. गोठ्यातली तांबडी कालवड आली. "लेकीसारखी वाढवली व्हती. जावयाला दिली. आता तरी तोंड फिरवा."

संपत म्हणाला, "मला न्हाई पायजे, गाडीच..." मी मागे हात घालून त्याच्या मांडीला चिमटा काढला.

रफिकभाईने उतरून मोटारीचं झाकण उघडलं. मूठ पाहिली. "आबा, समान वाटलं व्हय?"

"मग?"

"मग काय. कालवड मिळाली की."

त्याने मूठ फिरवली, मी मोटार फिरवली, लग्न लागलं.

कालवड आमच्या गोठ्यात आली. सून रोज तिच्याशी माहेरचं बोलायची. एकदा मला म्हणाली, "आबा, तुमी वेशीवर का ओ रुसला व्हता?" मी उठून गोठ्यात गेलो.

दिवाळी झाल्यावर कालवडीच्या गळ्यात नवी घंटा बांधली आणि डिंभ्याला निघालो. मोटारीने नाही, मुक्काम करत पायी. तोच उतार आला. कालवड पुढचे पाय घट्ट रोवत, मागचे हलके टाकत निवांत खाली उतरली. मी मागून बघत राहिलो. तिला रफिकभाईने शिकवलं नव्हतं.

व्याही अंगणात होते. मी म्हणालो, "त्या दिवशी आमी रुसलो नव्हतो. ब्रेक चुकला व्हता."

"ठावं हाय," व्याही म्हणाले. "रफिकभाईनं पंगतीतच सांगितलं. निम्म्या गावाला ठसका लागला."

मी कालवडीचं दावं त्यांच्या हातात दिलं.